आठच्या आत पिवळं कापड

५ जानेवारी

प्रिय आत्या,

'तीर्थरूप' लिहिलं की तू म्हणतेस, "मी काय आत्ताच भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसले का?" म्हणून 'प्रिय'. फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस. त्यात दिवसभर पडद्यावरच्या माणसांशी बोलून संध्याकाळी माझ्यातही बोलायचं त्राण उरत नाही. तेव्हा पत्रच बरं.

साथ संपून दोन वर्षं झाली तरी आमच्या घरातल्या दोन कचेऱ्या काही हलल्या नाहीत. ह्यांची झोपण्याच्या खोलीत, माझी जेवायच्या टेबलावर. दाराच्या कडीला लाल चिमटा लावलेला असला की आत मीटिंग चालू आहे, शिंकायलासुद्धा बंदी. एक वाजला की मी माझे नकाशे गुंडाळते, आम्ही जेवतो, टेबल पुसते आणि परत नकाशे पसरते. गेल्या महिन्यात एका नकाशावर चहाच्या कपाचा गोल उमटला. गिऱ्हाइकानं विचारलं, "हा गोल जिना आहे का?" मी "हो" म्हणून टाकलं. आता खरंच जिना काढावा लागला.

आमची खरी कचेरी कायमची बंद झाली. खुर्च्या आम्हालाच वाटून टाकल्या. मला साहेबांची फिरती खुर्ची मिळाली, बसलं की ती कुरकुरते, अगदी साहेबांसारखी.

आता कामाचं. कंपनीनं मला एक नमुन्याचं घर काढायला सांगितलंय. साथीनंतरचं घर, वय झालेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसासाठी, पुढच्या वीस वर्षांचा विचार करून. सगळं एका पातळीत, उंबरठा नाही. मुख्य दाराशेजारी भिंतीत एक कप्पा. सामान आणणारा बाहेरून ठेवणार, आतलं माणूस आतून काढणार, कुणी कुणाच्या समोर यायला नको. पुन्हा साथ आली तरी फिकीर नाही.

पण मी अजून पन्नाशीचीही नाही. म्हातारपणाचे नकाशे काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. तू चौऱ्याहत्तरची, त्यातली चौतीस वर्षं इस्पितळात काढलेली. तुझा दिवस कसा जातो, कुठे अडतं, कशाला हात लागतो, काय डोक्यात जातं, सगळं लिही.

बाकी ठीक. मागच्या खोलीतलं सामान काढतोय. असंच.

तुझी,
टकळी

&nbsp;

१६ जानेवारी

टकळे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, म्हणून दुसऱ्यांदा.

तो भिंतीतला कप्पा आधी खोडून टाक. का ते सांगते. साथीच्या पहिल्या महिन्यात आमच्या गल्लीत तळमजल्यावरचे मास्तर घरात वारले. तीन दिवस कुणाला पत्ता नाही. दारात दुधाच्या तीन पिशव्या साठल्या तेव्हा कळलं. सामान न भेटता दारात ठेवायचं आणि निघून जायचं, असं तेव्हा ठरलेलंच होतं ना? तुझ्या कप्प्यासारखंच. मी गॅलरीतून रोज त्या पिशव्या बघत होते. मोजल्याही होत्या. इस्पितळात चौतीस वर्षं काढलेली मेट्रन मी, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर मी इस्पितळातला एक जुना पिवळा पडदा फाडला, त्याचे बावीस तुकडे केले आणि गल्लीत एकेका घरी एकेक पोचवला. नियम सोपा. सकाळी आठच्या आत कापड खिडकीच्या गजाला बांधायचं, अंधार पडायच्या सुमाराला सोडायचं. साडेआठपर्यंत कापड दिसलं नाही तर समोरच्या घरानं हाक मारायची. ओ आली नाही तर जाऊन दार उघडायचं. त्यासाठी समोरासमोरच्या घरांनी किल्ल्यांची अदलाबदल केली. दोन माणसं त्यामुळे वेळेवर सापडली. त्यातल्या एकाला नुसती झोप लागली होती, ते निराळं.

साथ सरली आणि वैद्य मेला. कापडांची पायपुसणी झाली, किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे परत गेल्या. मीही माझी मागून घेतली. माझं घर, माझं कुलूप. आता कापडं दोनच उरलीत, एक माझं आणि एक समोरच्या घड्याळवाल्यांचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, एकटेच. दुकान बंद केलं, पण खिडकीशी टेबल मांडून अजून घड्याळं उघडतात. त्यांचं कापड आठला दोन मिनिटं कमी असताना लागतं. माझं ऐकणं कमी आणि त्यांचं बोलणं कमी, त्यामुळे आमचं छान जमतं.

आता तुझे प्रश्न. न्हाणीघराकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. धरायला दांडा, बसायला स्टूल, फरशी खरखरीत. आणि मदतीची बेल तुम्ही लोक उभ्या माणसाच्या खांद्याशी लावता. मला सांग, उभं राहता येत असेल तर बेल कशाला वाजवेल? जमिनीपासून वीतभर उंचीवर लाव, पडलेल्याचा हात पोचेल अशी.

आणि मागच्या खोलीतलं सामान 'असंच' कुणी काढत नाही. तू सात वर्षांची असताना खोटं बोललीस की वाक्याच्या शेवटी 'असंच' म्हणायचीस. तेव्हा स्वच्छ सांगते, मी येणार नाही. आठ दिवस मी गोड पाहुणी, नवव्या दिवशी अडगळ. मला माझ्या घरात म्हातारं व्हायचंय. शिवाय मी गेले तर घड्याळवाल्यांच्या खिडकीकडे बघणार कोण?

जावईबापूंना सांग, शिंका दाबू नका, कानाला वाईट.

आत्या

&nbsp;

३० जानेवारी

प्रिय आत्या,

कप्पा खोडला. बेल खाली आणली. साहेब म्हणाले, "हे तुला सुचलं?" मी म्हटलं, "घरचा डॉक्टर आहे." तू नर्स, पण साहेबांना एवढं कळत नाही.

आणि आता टाळ्या वाजव. तुझं कापड मी नकाशात घेतलंय! फक्त जरा सुधारून. पलंगाखाली एक तबकडी असते. माणूस सकाळी पलंगावरून उठलं की तिला कळतं आणि खिडकीत पिवळा दिवा आपोआप लागतो. गुडघे धरून खिडकीपर्यंत जायला नको, गाठी मारायला नकोत, विसरायची भीती नाही. समोरच्यांनी नुसतं बघायचं. साहेब एवढे खूष झाले की त्यांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं, तेही बरोबर घेतलं.

मागच्या खोलीवरून रागावू नकोस. ती आम्ही लेकीच्या अभ्यासासाठी करतोय. बारा वर्षांची झाली, तिला स्वतःचं दार हवं झालंय. तू महिनाभर राहायला आलीस तर तिथे झोपता येईल, एवढंच. एकदा येऊन बघ तरी. बघायला काय जातं?

तुझी,
टकळी

&nbsp;

१० मार्च

टकळे,

तुझं दिव्याचं पत्र आणि त्यानंतरचं, दोन्ही मिळाली. उत्तराला उशीर झाला. अक्षर बघून घाबरू नकोस. उजवं मनगट जरा मुरगळलंय, बरणीचं झाकण उघडताना. डाव्या हातानं लिहितेय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटतं.

एक विचारायचं होतं. तुझ्या त्या दिव्याचं. माणूस पलंगावरून उठलं, दिवा लागला, आणि मग न्हाणीघराच्या दारात जाऊन पडलं तर? दिवा लागलेलाच राहणार ना? समोरची माणसं बघणार, "लागलाय, छान," म्हणणार आणि आपापल्या कामाला लागणार. ह्याचा विचार केलास का?

कामाचं म्हणून विचारते, दुसरं काही नाही. उगाच धावत येऊ नकोस.

आत्या

&nbsp;

१२ मार्च

आदरणीय भाचीबाई यांस,

सविनय नमस्कार. आपली ओळख नाही. मी आपल्या आत्याबाईंच्या समोर राहणारा, घड्याळं दुरुस्त करणारा. परवा त्यांचं पत्र पेटीत टाकायला त्यांनी माझ्याकडे दिलं. पाकीट बंद होतं, मी ते उघडलं नाही. पत्ता मात्र उतरवून घेतला. याबद्दल माफी असावी.

पत्रात त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही, पण खरं लिहिलं नसणार. मेट्रनबाई चोवीस फेब्रुवारीला सकाळी घरात पडल्या. उजवं मनगट मोडलं आहे. खुब्याला मार आहे, हाड शाबूत आहे. तीन दिवस इस्पितळात होत्या. आता घरी आहेत, काठीनं चालतात. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई येते, तिला त्या चादर कशी घालायची ते शिकवतात.

त्या सकाळी सहाला पडल्या आणि दुपारी साडेतीनला आम्ही आत गेलो. हे मला सांगणं भाग आहे, कारण मधले सगळे तास मी समोर बसलेलो होतो. आठला मी त्यांच्या खिडकीकडे पाहिलं. कापड होतं. माझं काम झालं असं समजून मी चहा घेतला, पेपर वाचला, एक मनगटी घड्याळ उघडलं, जेवलो, आडवा झालो. पन्नास वर्षं दुसऱ्यांची घड्याळं चालती केलेला मनुष्य मी, मला वाटलं सगळं वेळेवर चाललं आहे.

तीनच्या सुमारास एकाएकी पावसाची सर आली. गल्लीभर बायकामाणसांनी दोरीवरचे कपडे ओढून घेतले. त्यांचं कापड तेवढं भिजत राहिलं. मेट्रनबाई रुमालसुद्धा भिजू देणाऱ्या नव्हेत. तेव्हा मी चपला न घालता खाली उतरलो. किल्ली आता माझ्याकडे नसते. कुलूपवाल्याला आणण्यात अर्धा तास गेला.

त्या पडल्या तर कापड कुणी लावलं, हे मला अजून उमगलेलं नाही. विचारलं की त्यांना ऐकू येत नाही. इतर वेळी माझं बरंच ऐकू येतं.

आपल्याला कळवणार नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते मोडतो आहे. मला रात्री झोप लागत नाही.

आपला नम्र,
समोरचा घड्याळवाला

&nbsp;

२ एप्रिल

आत्या,

पाच दिवस तुझ्याकडे राहून आले आणि आपण एक वाक्य धड बोललो नाही. तुला ऐकू यावं म्हणून मी मोठ्यानं बोलते, आणि मोठ्यानं बोललं की प्रेमाचं वाक्यसुद्धा भांडणाचं होतं. "औषध घेतलंस का?" हे मी असं ओरडले की तुझी मदतनीस दचकून दारामागे गेली. शेवटच्या दिवशी तर मी तुझी बॅगच भरायला घेतली. तू एकेक वस्तू डाव्या हातानं बाहेर काढत होतीस आणि मी परत आत टाकत होते. मग मी रडत निघून आले. गाडीत बसल्यावर वाटलं, सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, आणि वागले कशी? आत्या, मला माफ कर.

पण मी चिडले होते आणि अजून चिडलेय. मनगट मोडलं आणि तू बरणीचं झाकण लिहिलंस? ज्याला मी कधी पाहिलं नाही अशा माणसाच्या पत्रातून मला कळावं? आईबाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तूच आहेस ना?

आता माझ्या झाकून ठेवलेल्या गोष्टी. मागची खोली लेकीसाठी नव्हती. तुझ्यासाठीच होती. धरायचे दांडे डिसेंबरातच बसवून घेतले होते. नमुन्याचं घर कंपनीनं सांगितलं हे खरं, पण पहिल्या दिवसापासून मी त्यात तुलाच बसवत होते. तुझ्या उंचीची फळी, तुझ्या पावलांची मोजलेली अंतरं. तुला विचारत होते ते कामासाठी असं दाखवून, म्हणजे तू नाही म्हणायच्या आत घर तयार असेल. लबाडपणा केला.

आणि तो दिवा. तुझं डाव्या हाताचं पत्र मी हसत वाचलं होतं. आत्या नकाशाची परीक्षा घेतेय असंच समजले. तू जमिनीवरून मला विचारत होतीस, हे मला कळलं नाही.

दिवा मी काढून टाकला. साहेब म्हणाले, "गिऱ्हाइकांना दिवाच तर आवडलाय." मी म्हटलं, "मग नकाशावर माझं नाव नको." ते "बघू" म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे काय ते देव जाणे. मी आता दोन घरं समोरासमोर काढलीत, स्वयंपाकघराच्या खिडक्या एकमेकींकडे तोंड करून. ह्यात नवीन काय, असं ते विचारतील. विचारू देत.

घड्याळवाल्यांना भेटले. निघताना त्यांनी माझं घड्याळ मागून घेतलं, उघडलं, पुसलं, परत दिलं. पाच मिनिटं मागे होतं म्हणे.

एक सुचतंय. आमची कचेरीच नाही, मग माझं टेबल इथेच कशाला हवं? मी महिन्यातले दहा-बारा दिवस तुझ्याकडे येऊन काम करीन. ह्यांना आणि लेकीला विचारलं. लेक म्हणाली, "मग तू नसताना तुझी खुर्ची मला." दोघंही तयार आहेत. किंवा तू इथे ये. किंवा दोन्हींतलं काहीच नको असेल तर तसं लिही, मी परत बॅगेला हात लावणार नाही. पण ह्या वेळी खरं लिही. मी ओरडायला तिथे नाहीये.

तुझी,
टकळी

&nbsp;

११ एप्रिल

टकळे,

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. डावा हात अजून पहिलीतच आहे.

आधी कापडाचं, कारण ते मी इतके दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. घड्याळवाल्यांना चार दिवसांपूर्वी सांगितलं, ते तुझ्याआधी झालं, पण ते समोर आहेत. कापड मी त्या सकाळी लावलंच नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून ते तिथे होतं. थंडीत गुडघे आखडतात. आठच्या आत खिडकीशी जायचं म्हणजे नको व्हायचं. म्हणून डिसेंबरपासून मी दिवेलागणीला त्यांच्या देखत कापड सोडायचे आणि पूर्ण अंधार झाला की परत बांधून ठेवायचे. सकाळी मनासारखं लोळत पडायचं. आपोआप लागणारा दिवा मी तुझ्या आधी शोधून काढला होता बघ. नियम मीच केला आणि मीच त्याला फसवलं. वॉर्डात कुणा नर्सनं ताप न बघता तक्त्यावर आकडा भरला असता तर मी तिला दारातूनच घरी पाठवली असती.

ऐकून घड्याळवाल्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे चूक माझी नव्हती." मी म्हटलं, "नव्हती." त्यावर ते चक्क रडले. दीड महिना तो माणूस माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसला होता, आणि मी बहिऱ्याचं सोंग घेत होते. मला माझीच घृणा आली.

कापडं आता बंद. आठ वाजता दोघंही आपापल्या खिडकीत येतो आणि हात हलवतो. गल्लीतली पोरंटोरं हसतात. काल त्यांनी हात हलवल्यावर मी खुणेनंच विचारलं, झोप लागली का? त्यांनी मान डोलावली. माझी किल्लीही त्यांच्याकडे दिली.

आता तुझं. तू म्हणालीस खरं लिही. इस्पितळात मी रोज शंभर जणांना विचारायचे, दुखतंय का? आणि "नाही, मी ठीक आहे" म्हणणाऱ्यांना मी रागवायचे. खोटं बोलून दुखणं जात नाही, फक्त माझं काम वाढतं, असं सुनवायचे. त्यातलं एक अक्षर मी स्वतः पाळलं नाही. तू पाच दिवस इथे होतीस आणि मी बॅगेतून साड्या काढत होते, ते फक्त घराच्या प्रेमापोटी नव्हे. एकदा का मी इथून निघाले की आजारी म्हणून निघाले असं होईल, आणि मग मला कुणी परत उभं करणार नाही, असं वाटत होतं. आता तुझ्या पत्रात तूच इकडे येतेस म्हणालीस, तेव्हा कुठे माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

पुढची खोली तुला दिली. उजेड डावीकडून येतो, नकाशे काढायला बरा. मदतनीस बाईला सांगून टेबल खिडकीशी घेतलंय. त्यावर आपण जेवायचं नाही, जेवायला स्वयंपाकघर आहे. कडीला चिमटा लाव, मी आत येणार नाही. तुझ्या मीटिंगमध्ये मला काय ऐकू यायचंय?

मला घरातून न्यायचं नाही, एवढी एकच अट. बाकी दहा दिवस ये, बारा दिवस ये, पोरीला सुट्टीत आण.

आणि एक सांगायचं राहिलंय, ते समोर असतीस तर सांगितलं नसतं. त्या दिवशी फरशीवर पडले होते तेव्हा मला सगळं नीट कळत होतं. मनगट मोडलंय हे कळत होतं, खिडकीत कापड आहे म्हणून कुणी येणार नाही हेही कळत होतं. समोर घड्याळवाले बसलेत, त्यांना हाक मारली असती तर कदाचित पोचली असती. माझ्या तोंडून त्यांचं नाव एकदाही निघालं नाही. तू तिथून एका दिवसाच्या प्रवासावर. तुला ऐकू जाणं शक्य नाही हे ठाऊक असताना मी साडेनऊ तास तुलाच हाका मारत होते.

मला भीती वाटते गं. ये.

आत्या